चरणपूरची डीपी

आबांना 'स्वदेस'मधलं एकही गाणं धड येत नाही. शाहरुख खानचं त्यांना फारसं कौतुक नाही, आणि अमेरिकेचा भाग तर त्यांना उगाच लांबवलेला वाटतो. तरी गेल्या वीस वर्षांत हा सिनेमा त्यांनी किती वेळा पाहिलाय याची मोजदाद नाही. टीव्हीवर लागला की आईला सांगून ठेवतात, "बल्बचं आलं की हाक मार," आणि पेपर घेऊन बाहेर कट्ट्यावर जाऊन बसतात. तीन तासांच्या वरचा सिनेमा, त्यातली आबांची पाच-सात मिनिटं. गावात वीज येते, बल्ब लागतो, ती म्हातारी वर बघते. तेवढं झालं की आबा उठतात, चप्पल घालतात आणि कुठंही काम नसताना एक चक्कर मारून येतात.

आबा लाईनमन होते. मिरज तालुक्यात सगळी नोकरी गेली आणि 2009 ला निवृत्त झाले. सिनेमा आला 17 डिसेंबर 2004 ला. तेव्हा मी बारावीला होते आणि भारनियमनाचे दिवस होते. एक आठवडा सकाळी लाईट नाही, एक आठवडा संध्याकाळी नाही, आणि शेतीच्या पंपांना थ्री फेज मिळायची ती रात्री. त्या वेळी गावातल्या लोकांना वीज म्हणजे आमचे आबाच. रात्री अकराला दारात बॅटऱ्या चमकायच्या. "लाईनमन, डीपी उडालीया, चला." डीपी म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याची फ्यूजची पेटी. कुणी गोड बोलायचं, कुणी शिव्या घालायचं. आबा खांबावर चढायचा झुला सायकलला अडकवून जायचे. एकदा फार बोलून गेला एक जण, तेव्हा आबांनी एवढंच म्हटलं होतं, "मी खांबावर चढतो रं, वीज मी तयार करत न्हाई." मी कंदिलाच्या उजेडात रसायनशास्त्र करत होते. लाईनमनच्या घरात कंदील, याचं वर्गातल्या पोरांना फार हसू यायचं.

सिनेमा आम्ही सांगलीत जाऊन बघितला. थिएटरचा जनरेटर बाहेर धडधडत होता, मधल्या शांत प्रसंगांतही त्याची घरघर ऐकू यायची. बल्ब लुकलुकायला लागला तसे आबा चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "व्होल्टेज कमी हाय." पुढच्या रांगेतले हसले. आईनं कोपर मारलं. मी आबांकडं बघितलं तर ते पडद्याकडं असे बघत होते, जसं आपल्या पोराचं नाव स्टेजवरून पुकारल्यावर माणूस बघतो.

तर या आबांना त्या सिनेमाचं गाव दाखवायचं, असं माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. नवऱ्याचं म्हणणं पडलं, एवढा खर्च करायचा तर हैदराबादला रामोजी फिल्म सिटीला जाऊ. तिकीट काढलं की बसमध्ये बसवतात, सगळे सेट फिरवून आणतात, पोरंही खूश. त्यात चूक काहीच नाही. पण आबा म्हणाले, "तिथं काय, सगळं पीओपीचं." आणि विषय मिटला. स्वदेसचं चरणपूर सिनेमात उत्तर प्रदेशात असलं, तरी ते उभं केलं होतं आपल्या वाईजवळच्या मेणवलीत. सांगलीहून तीन-साडेतीन तासांचा रस्ता. डिसेंबरातला एक रविवार ठरला.

तयारीचं काम थोरलीनं अंगावर घेतलं. ती नववीत आहे आणि तिला कुठल्याही गोष्टीचा प्रोजेक्ट करायची सवय लागली आहे. तिनं सिनेमा थांबवत थांबवत 14 फ्रेम्सचे स्क्रीनशॉट काढले, त्यांना नंबर दिले आणि ठरवलं की प्रत्येक जागा शोधायची, तिथंच उभं राहून तसाच फोटो काढायचा. धाकटा सात वर्षांचा. त्याला पोस्टरवरून एवढंच कळलं होतं की यात नासा आहे, त्यामुळं आपण रॉकेट बघायला चाललोय अशी त्याची ठाम समजूत. ती आम्ही जाईपर्यंत कुणी मोडली नाही. हे चुकलंच.

पहाटे साडेपाचला निघालो. आईनं भडंगाचा पाच किलोचा डबा, शेंगदाण्याच्या चार पोळ्या आणि कशाला ते विचारू नका, पण एक नारळ घेतला. गळीत हंगाम असल्यामुळं आष्टा-इस्लामपूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, आणि वर गाणी जोरात. पेठनाक्याला हायवेला लागलो, तिथून पुढं सहापदरीकरणाच्या कामामुळं दर थोड्या अंतरावर 'वळण रस्ता'. तासवडे आणि आनेवाडी असे दोन टोल भरून पाचवडला डावीकडं वळलो.

गाडीत थोरलीनं एक गोष्ट सांगितली ती मलाही नवीन होती. सिनेमातला मोहन नासाच्या ज्या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहावर काम करत असतो, ती मोहीम लेखकाच्या डोक्यातून आलेली नाही. जीपीएम नावाची ती मोहीम खरी आहे आणि तिचा मुख्य उपग्रह फेब्रुवारी 2014 मध्ये जपानमधून सुटला. म्हणजे सिनेमा आल्यावर नऊ वर्षांनी.

"मग 2019 ला सांगितलं का न्हाई त्यानं?" आई म्हणाली. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या माहेरच्या माणसांची मापं तेव्हापासून फुटांतच असतात.

"सांगितलं असंल," आबा म्हणाले. "ऐकायला फेज लागतो."

वाईत पोहोचायला साडेनऊ झाले. मिसळ खाल्ली. बरी होती, आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या जिभेला जरा सौम्य. मग आधी ढोल्या गणपती, कारण वाईला जाऊन त्याला न भेटता पुढं जायचं म्हणजे आईच्या हिशोबात गाडी पंक्चर होण्याला आमंत्रण. नारळाचा उलगडा तिथं झाला. हे देऊळ 1762 मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलं. आतला गणपती आपल्याकडं बघत मांडी ठोकून बसलेला, भला थोरला. पण मला ते देऊळ आवडलं मागून. मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फाटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं, देवळाला थडकत नाही. पुराच्या गावची माणसं आम्ही. नवरा, आई, मी, तिघंही त्या भिंतीला हात लावून उभे राहिलो, बाकीचे भाविक पुढं रांगेत होते.

घाटावर फिरताना लक्षात येतं की हे गाव सिनेमावाल्यांना का लागतं. 'गंगाजल'मधलं बिहारचं तेजपूर आणि 'दबंग'मधलं लालगंज वाईतच दिसतं, आणि ते खोटं वाटत नाही. नदी, दगडी घाट, शिखरांची देवळं, चिरेबंदी वाडे, लाकडी खांबांच्या ओसऱ्या आणि मागं डोंगर. मुंबई-पुण्याहून एका दिवसात सामान येतं, आणि पसरणीचा घाट चढला की नटनट्यांना राहायला पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेलं. मला वाटतं आणखी एक कारण असावं, जे कुणी फारसं बोलत नाही: लिपी. आपली पाटी देवनागरी, तिकडची पाटीही देवनागरी. 'किराणा दुकान'चं 'किराना स्टोर' केलं की जिल्हा बदलतो. तमिळनाडू करायचा झाला तर गावभर रंग लागेल. एका पानवाल्याला मी हे बोलून दाखवलं, तर तो चुना लावता लावता म्हणाला, "ताई, माझी टपरी तीनदा बिहारमधी गेलीया. मी मात्र हितंच."

मेणवली तिथून तीन-चार किलोमीटर. रस्त्याला ऊस आणि हळद. आमच्या सांगलीला हळदीचा बाजार, त्यामुळं आबांनी गाडी थांबवून पाल्याचा रंग बघितला आणि "अजून महिना-दीड महिना" असा निकाल दिला. कुणी विचारलं नव्हतं.

गावात शिरताच धाकट्यानं विचारलं, "नासा कुठाय?" थोरलीनं शांतपणे सांगितलं, फ्लोरिडात, केनेडी स्पेस सेंटरमध्ये, ते शूटिंग तिकडंच झालं. पुढची वीस मिनिटं काय झालं ते लिहीत नाही. भडंगाचा डबा उघडावा लागला.

मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचा वाडा. औंधच्या प्रतिनिधींकडून नानांना हे गाव मिळालं, त्यांनी इथं वाडा बांधला, मागं घाट बांधला, देवळं बांधली. सहा चौकांचा वाडा आहे, आणि अजून खासगी मालकीचा. आत शिरलं की बाहेरचं ऊन एकदम बंद होतं. भिंती एवढ्या जाड की खिडकीत माणूस आडवा झोपेल. काही खोल्यांत भिंतींवर जुनी चित्रं आहेत, रंग उडालेले, पण चेहऱ्यांचे डोळे अजून टक लावून बघतात. नानांची कागदपत्रंही याच वाड्यात सांभाळून राहिली होती, 'मेणवली दप्तर' म्हणून अभ्यासक ज्याचं नाव घेतात ती. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. मला नवल वाटलं ते जमिनीचं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर दुपारी अकरा वाजता पाय गार पडत होते.

मग घाट. वाड्याच्या मागून उतरलं की एकदम समोर येतो. अर्धचंद्राकार, नदीला कवेत घेतल्यासारखा. मेणेश्वराचं देऊळ, शेजारी विष्णूचं, आणि एका छोट्या देवळीत मोठी घंटा. ही पोर्तुगीज घंटा. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली. जवळ जाऊन बघितलं तर तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी उठावात दिसते. आईनं नेहमीच्या सवयीनं हात जोडले. "कुणाची का असंना, लेकरू हाय कडेवर," म्हणाली.

थोरलीचं काम सुरू झालं. मोबाईल डोळ्यांसमोर धरून ती पुढं-मागं सरकायची, आम्ही तिच्या मागं. पहिल्या तीन फ्रेम्समध्ये काहीच जुळेना. देऊळ तेच, पायऱ्या त्याच, पण चित्र वेगळं. शेवटी नवऱ्याच्या लक्षात आलं, की कॅमेरा माणसाच्या उंचीवर नव्हताच. क्रेनवर असणार, नाहीतर पलीकडच्या काठावर. मग त्यानं धाकट्याला खांद्यावर घेतलं, धाकट्याच्या हातात मोबाईल दिला, आणि थोरली खालून सूचना देऊ लागली. "डावीकडं. अजून. आता शिखर मधे घे." नासाचा राग तिथं गेला. खांद्यावरून हलत-डुलत काढलेल्या त्या फोटोत सगळं वाकडं आलंय, पण फ्रेम नंबर सहा जुळली. त्यात खालून चौथ्या पायरीचा एक कोपरा फुटलेला दिसतो. आम्ही खाली जाऊन शोधला. कोपरा तसाच फुटका, फक्त कड आता पायांनी गुळगुळीत झाली आहे. थोरली त्या कोपऱ्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली होती. मीही बसले. इतक्या वर्षांपूर्वी पडद्यावर बघितलेला दगड असा हाताला लागणं, हे मला सांगता येत नाही.

बाकी शोध फसला. 14 पैकी चार जागा मिळाल्या, त्या सगळ्या दगडाच्या. जे सिनेमासाठी उभं केलं होतं ते कुठंच नाही. पोस्ट ऑफिस कुठं होतं, असं तिघांना विचारलं, तर तिघांनी तीन घरं दाखवली आणि तिघांचंही म्हणणं, "हेच. मी स्वतः बघितलंय." बांबूचा सांगाडा, त्यावर प्लाय, त्यावर पीओपी, वरून रंगाचा हात. शूटिंग संपलं की कामगार येतात, खिळे उपसतात, प्लाय ट्रकमध्ये भरतात आणि पुढच्या सिनेमाला नेतात. सिनेमाची गावं अशीच मोडतात, यात वाईट वाटून घेण्यासारखं नाही, पण थोरलीचा चेहरा उतरला. "म्हणजे चरणपूर नाहीच," ती म्हणाली.

हे बोलणं एका घराच्या ओसरीवरून एका आजींनी ऐकलं. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. लसूण सोलत बसल्या होत्या. "हाय की," म्हणाल्या. "मी हाय त्यात."

आम्ही सगळे थांबलो.

"गर्दीत. दिसत न्हाई. पर हाय."

थोरलीनं लगेच मोबाईल पुढं केला. आजींनी चष्मा नसल्याचं सांगून तो परत केला, आणि बसा म्हणाल्या. सुनेनं चहा टाकला. आजींनी सांगितलं ते असं: रोजचे पैसे मिळायचे, जेवण मिळायचं, आणि नेसायला लुगडं त्यांनीच दिलं, कारण "आपलं नऊवारी तिकडं चालत न्हाई." दिवसभर उन्हात बसवायचे आणि एकच गोष्ट दहादा करायला लावायचे. त्यांच्या शेजारणीला एकदा खराखुरा खोकला आला तर सगळं थांबवलं. "घरात कधी कुनी तिच्या खोकल्याकडं ध्यान दिलं नव्हतं," आजी म्हणाल्या आणि लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

"आन् रातच्याला तर इचारू नगा. मोठमोठे दिवे. रातीचा दिवस केला हुता. आमच्या कोंबड्यानं बारा वाजता बांग दिली."

आबा इतका वेळ गप्प होते. आता पुढं सरकून बसले. "पर सिनेमात तर अंधार हाय. गावात वीजच न्हाई."

"मंग? अंधार दावायला उजेड नगं का?" आजींनी त्यांच्याकडं असं बघितलं, की एवढं कळू नये पुरुषासारख्या पुरुषाला. "त्यांची गाडी हुती जनरेटरची. त्या टायमाला आमच्या घरात लाईट न्हवती, भारनियमन. आमी आपल्या चिमण्या इझवून त्यांचा उजेड बगत बसायचो."

आबा पहिल्यांदा नुसते हसले. मग त्यांनी गुडघ्यावर थाप मारली आणि पुन्हा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अंधार दाखवायला किती केव्हीए लागला असंल गं?" मला विचारलं. केव्हीए म्हणजे त्यांच्या भाषेत विजेचं माप. मी काय सांगणार? पण ते वाक्य त्यांनी पुढं चार दिवस येईल त्याला ऐकवलं.

मग त्यांना सुचलं की आता आपण सांगावं. त्यांनी आजींना सांगितलं, की त्या सिनेमातली वीज नुसती कल्पना नाही. नंदुरबारकडं डोंगरात बिलगाव म्हणून गाव आहे. तिथल्या लोकांनी ओढ्याच्या पाण्यावर स्वतःची वीज केली, 2003 मध्ये, आणि सिनेमावाल्यांना ती गोष्ट तिथूनच मिळाली. हे आबांनी पेपरात वाचून कापून ठेवलंय, अजून कपाटात आहे. पाणी उंचावर अडवायचं, पायपानं खाली सोडायचं, त्याच्या जोरावर चाक फिरवायचं. "पाणी कमी असलं तरी चालतं, उंची पायजे." आजींनी मान डोलावली. त्यांच्या नदीत वरून धोम धरणाचं पाणी येतं, आणि सोडलं की घाटाच्या पायऱ्या किती बुडतात हे त्यांना पाठ होतं. दोघांचं छान जमलं.

ओसरीवर आडव्या वाशाला एक होल्डर लोंबत होता, त्यात बल्ब. आबांची नजर तिथं गेली नसती तरच नवल.

"ह्यो लागत न्हाई का?"

"दिवाळीपास्नं न्हाई. पोरगं म्हनतंय बल्ब गेला. दोन बदलले."

आबांच्या शर्टाच्या खिशात अजून टेस्टर असतो. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, लग्नाला जातानाही असतो. त्यांनी सुनेला मेन बंद करायला सांगितलं, तिनं केलं असं म्हणाली तरी स्वतः आत जाऊन बघून आले, मग स्टुलावर चढले. आईनं स्टूल धरलं. ती कायम धरत आली आहे, आणि कायम तोंडानं "वय काय, करता काय" म्हणत आली आहे. बल्ब काढला. होल्डरच्या आत दोन पितळी पिना असतात, स्प्रिंगवर. त्यातली एक आत दबून अडकली होती. काजळी धरलेली. आबांनी टेस्टरच्या टोकानं ती हलकेच पुढं आणली, फुंकर मारली, अंगठ्यानं दोन्ही पिना दाबून सोडून बघितल्या. टिक, टिक. बल्ब बसवला. "घाल मेन."

आम्ही सगळे वर बघत होतो. मला कबूल केलं पाहिजे, माझ्या घशाशी काहीतरी आलं होतं. थोरलीनं तर व्हिडिओ चालू केला होता.

बल्ब लागला. लुकलुकला नाही, आधी लालसर आणि मग पांढरा असंही काही झालं नाही. एलईडीचा होता. भर दुपारी बाराला, उन्हात, टप्पकन लागला आणि नीट दिसलाही नाही.

आजींनी वर बघितलं. "लागला जनू," म्हणाल्या. मग सुनेकडं वळून, "बंद कर. बिल कुनाच्या बानं भरायचं?"

आबा स्टुलावरून उतरताना एवढंच म्हणाले, "तारेचा असता तर दिसला असता."

निघताना आजींनी थोरलीच्या हातावर सोललेला मूठभर लसूण ठेवला. तिला त्याचं काय करायचं ते कळेना, तिनं तो मोबाईलच्या पाऊचमध्ये घातला. पुढचे दोन आठवडे तो मोबाईल कानाला लावला की फोडणीचा वास.

जेवण वाईत एका खाणावळीत केलं. पिठलं, भाकरी, ठेचा, दही. तिथल्या भाकरीबद्दल चांगलं काही बोलता येत नाही म्हणून बोलत नाही. जेवताना सिनेमाच्या शेवटच्या कुस्तीवर वाद झाला. आमच्याकडं कुस्तीवर प्रत्येकाला मत असतं, मग त्यानं आयुष्यात लंगोट बांधलेला असो वा नसो. आईच्या माहेरी तालीम होती. तिचं म्हणणं, शाहरुखची पकड बरी आहे पण पायात वजन नाही. नवऱ्याचं म्हणणं, तो नासात असतो, पाय कुठून आणणार. धाकट्यानं जाहीर केलं की तो मोठेपणी नासात पैलवान होणार आहे. हा प्रश्न असा सुटला.

परतीला अंधार लवकर पडला. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, कारण ते न घेता घरी गेलं तर शेजारी विचारतात. पोरं मागं झोपली. आई पेंगत होती. आबा पुढच्या सीटवर मोबाईलशी खेळत होते. मी मागून वाकून बघितलं. दिवसभरात आम्ही सगळ्यांनी मिळून चारशेच्या वर फोटो काढले होते, आबांनी एकच. घाट नाही, वाडा नाही, आजी नाहीत. मेणवलीच्या रस्त्यावरची डीपी. आम्ही थोरलीच्या नवव्या फ्रेममागं धावत होतो तेव्हा गेले असणार. तो फोटो ते निवृत्त लाईनमनांच्या ग्रुपवर टाकत होते. एका बोटानं टाईप करतात, वेळ लागतो. 'मेणवली. स्वदेस पिक्चरचे गाव. 63 केव्हीए. अर्थिंग चांगले आहे.'

कराड यायच्या आत सात उत्तरं आली. एकानं नमस्काराचे हात पाठवले. एकानं विचारलं, पिक्चरमध्ये दाखवली ती हीच का. आणि एकानं, जो आबांबरोबर वीस वर्षं एकाच सेक्शनला होता, फोटो मोठा करून बघितला होता आणि लिहिलं होतं, 'पेटीला दार नाही. फ्यूज उघडे आहेत. तुला दिसले नाही का.'

आबांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, फोटो दोन बोटांनी ताणला. "दार हाय की," पुटपुटले. "उघडं हाय नुसतं." आणि पेठनाक्यापर्यंत तेच टाईप करत बसले.